ग्युम्रीचा पियानो

आर्मेनियाच्या उत्तर भागात लोरी नावाचा जो डोंगराळ प्रांत आहे, तेथील शेतकरी पूर्वी ज्या अवजड नांगराने आपली चिवट जमीन फोडीत, त्या नांगरास ते गुतान म्हणत. आणि तो ओढण्यास एक-दोन जोड्या पुऱ्या पडत नसून आठ-आठ, दहा-दहा जोड्या जुंपाव्या लागत असल्यामुळे नांगरट हे कोणा एका घरचे काम उरत नसे. आपल्याकडे इर्जिकीला शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन एकाच्या वावरात उतरतात, तसाच हा प्रकार. नांगराची मूठ धरणारा माच्काल सर्वांत मागे, आणि पुढे जुवांवर बैलांकडे तोंड करून बसलेली, होताघ नावाने ओळखली जाणारी पोरे, अशी ती लांबलचक रांग वावरात उतरली म्हणजे माच्काल गाऊ लागे आणि पोरे त्याला साद देत. त्या गाण्यात बैलांना दिलेल्या हाका असत, पोरांना केलेली दटावणी असे, मध्येच देवाचे नाव असे, आणि हे सारे एका लांब, उतरत्या, श्वास संपेपर्यंत ओढलेल्या स्वरावलीत गुंफलेले असे. या नांगरगीतांना होरोवेल असे नाव आहे. आपल्या मोटेवरच्या गाण्यांशी त्यांचे नाते सख्ख्या भावंडांचे वाटावे, इतके ते जवळचे आहे.

लोरीतील वार्दाब्लुर नावाच्या खेड्यातील असे एक नांगरगीत कोमितास वार्दापेत या आर्मेनियन संन्यासी संगीतज्ञाने टिपून घेतले आणि त्यावर 1914 साली एक सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या संस्कृत टीकाकाराने एका श्लोकावर पाने लिहावीत, त्या चिकाटीने त्यांनी त्या गीतातील एकेक हाक, एकेक हुंकार, एकेक ओळ वेगळी काढून तिचा कामाशी असलेला संबंध उलगडून दाखविला आहे. त्यांच्या एकंदर विवेचनाचा इत्यर्थ असा, की खेडूत गाणे ‘रचीत’ नाही. काम चालू असता गाणे घडते, आणि काम बदलले की तेही बदलते. आज गायिलेले नांगरगीत उद्या तसेच्या तसे गायिले जात नाही, कारण उद्याची जमीन वेगळी असते आणि बैलही आजच्याइतके ताजे नसतात. आता गंमत अशी, की जे गाणे स्थिर नाही असे कोमितास यांनी सिद्ध केले, तेच गाणे त्यांनी स्वतः कागदावर कायमचे स्थिर केले. त्यावाचून गत्यंतरही नव्हते. निबंध प्रसिद्ध झाला त्याच्या पुढल्याच वर्षी आर्मेनियन लोकांचा जो संहार झाला तो पाहता, कागदावर उतरले नसते तर त्या लोकांच्या गाण्यांपैकी कितीशी मागे राहिली असती, हा प्रश्न विचारण्याचेही धैर्य होत नाही.

ज्याच्या निमित्ताने हे लिहीत आहे, तो मनुष्य नांगरट्या नव्हे आणि संन्यासीही नव्हे. तिग्रान हमस्यान हे ग्युम्री नावाच्या शहरात 1987 साली जन्मलेले जॅझ पियानोवादक व रचनाकार असून, अमेरिकन जॅझ आणि आर्मेनियन लोकसंगीत यांचे ‘फ्यूजन’ करणारे कलावंत, अशी त्यांची ओळख सर्वत्र करून दिली जाते. मला हा शब्द आवडत नाही. फ्यूजन म्हटले की दोन भांड्यांतले दोन पदार्थ तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळल्याचा भास होतो. येथे जे झाले आहे ते तसे नाही. आर्मेनियन गाणे आणि पियानो यांची गाठ हमस्यान यांच्या जन्मापूर्वी शंभर वर्षे, तीही त्यांच्याच गावात पडलेली आहे, आणि त्या गाठीचा इतिहास सांगितल्याशिवाय जॅझने त्यात नेमकी कोणती भर घातली हे कळावयाचे नाही.

तेव्हा आधी गावाविषयी. ग्युम्री हे शिराकच्या पठारावरील शहर तुर्कस्तानच्या सरहद्दीला अगदी लागून आहे, आणि सरहद्दीवरच्या गावांच्या नशिबी असते त्याप्रमाणे त्याचे नाव अंमलागणिक बदलत गेले. 1837 साली झार पहिला निकोलस याने आपल्या राणीच्या नावावरून त्याला अलेक्सांद्रोपोल केले. 1924 साली सोव्हिएत अमलात ते लेनिनाकान झाले. सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर ते पुन्हा ग्युम्री झाले. 1828-29 च्या रूस-तुर्क युद्धानंतर कार्स, एर्झुरूम आदी ऑटोमन मुलखांतून जी आर्मेनियन कुटुंबे रशियन हद्दीत आली, त्यांतील पुष्कळशी येथे वसली. त्यांच्याबरोबर लोहार, सोनार, पाथरवट आले, आणि आशुघही आले. आशुघ म्हणजे गावोगाव हिंडून स्वतःची कवने वाद्याच्या साथीवर गाणारा शाहीर. जिवानी, शेराम अशी त्या परंपरेतील मोठी नावे या शहराशी निगडित आहेत. शहरात रशियन छावणी होती, काळ्या दगडाचा गोल किल्ला होता. छावणीबरोबर लष्करी बँड आला, अधिकाऱ्यांच्या बायकांबरोबर पियानो आला, आणि एका गल्लीत सनईच्या जातीची झुर्ना, दुसऱ्या गल्लीत वॉल्ट्झ अशी स्थिती उत्पन्न झाली. आर्मेन तिग्रानियान यांचा ‘आनुश’ हा ऑपेरा, जो आजही आर्मेनियात घरच्यासारखा गुणगुणला जातो, तो 1912 साली प्रथम रंगभूमीवर आला तो राजधानीत नव्हे, तर या सरहद्दीवरच्या गावात, हौशी नटांच्या बळावर.

याच अलेक्सांद्रोपोलमध्ये 1856 साली निकोघायोस तिग्रानियान यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे व्हिएन्नाच्या अंधशाळेत त्यांचे शिक्षण झाले, तेथे ते पियानो शिकले, आणि परत येऊन त्यांनी असा एक उद्योग आरंभिला, की जो त्या काळी कोणाही शहाण्या मनुष्यास वेडेपणाचा वाटला असता. तार आणि कमांचा ही तंतुवाद्ये वाजविणारे सजंदार लग्नसमारंभांत, मेजवान्यांत जे मुघाम वाजवीत, म्हणजे जवळजवळ आपल्या रागालापासारखे तासन्‌तास विस्तारत जाणारे स्वरबंध, ते ऐकून घेऊन त्यांनी पियानोसाठी त्यांची स्वरलेखने सिद्ध केली.

वेडेपणा का, ते हार्मोनियमवरून आपल्याकडे जे रणकंदन झाले ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. बाजाच्या पेटीला मींड येत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, या कारणास्तव 1940 साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढले होते. पियानोचा गुन्हा तर पेटीहूनही मोठा. पेटीचा स्वर निदान भाता हालवीत राहिले तर टिकतो; पियानोचा स्वर हातोडी तारेवर पडताक्षणीच मरू लागतो. ज्या संगीतात दुदुक या फुंकवाद्याचा एक वादक ‘दाम’ नावाचा आधारस्वर गाल फुगवून अखंड धरून ठेवतो, आणि दुसरा त्यावर स्वर वाकवीत, ओलावीत, अर्ध्या वाटेवरून परत फिरवीत धून वाजवितो, ते संगीत या टणत्कार करणाऱ्या लाकडी पेटाऱ्यात उतरवायचे कसे? तिग्रानियान यांनी उत्तर शोधले ते असे, की तारवाद्याचा भरणा पियानोवर त्याच स्वराच्या त्वरित पुनरावृत्तीने साधावा, डाव्या हाताने आधारस्वर पुनःपुन्हा जागवीत राहावा, आणि जेथे स्वर वाकावयाचा तेथे लगतच्या स्वरांची बारीक किनार लावावी. ही तडजोड होती, आणि ती तडजोडीसारखीच ऐकू येते. परंतु वाट पाडणाऱ्याकडून गुळगुळीत रस्त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. 1951 पर्यंत जगलेल्या या अंध वादकाचे नाव त्याच्या देशाबाहेर कोणी घेत नाही, ही गोष्ट मला थोडी खटकते.

कोमितास यांची कथा अधिक परिचित, आणि अधिक भयंकर. 1869 साली पश्चिम अनातोलियातील कुताह्या या गावी त्यांचा जन्म झाला; संसारातील नाव सोघोमोन सोघोमोनियान. आई गेली तेव्हा मूल वर्षाचेही नव्हते आणि वडील गेले ते अकराव्या वर्षी. त्या गावातील आर्मेनियन तुर्की बोलत, त्यामुळे 1881 साली एच्मियाद्झिन येथील धर्मपीठाच्या विद्यालयासाठी गोड गळ्याचा अनाथ मुलगा म्हणून त्याची निवड झाली, आणि त्याला धर्मगुरूंसमोर उभे करण्यात आले, तेव्हा त्याला आर्मेनियन भाषेत उत्तर देता येईना. तो आर्मेनियन स्तोत्रे मात्र गाऊ शकत होता, अर्थ न कळता. त्याने स्तोत्र गायिले आणि त्याला ठेवून घेण्यात आले. ज्या मनुष्याने पुढे आपल्या लोकांना त्यांच्या गाण्याचा अर्थ सांगितला, त्याचा स्वतःचा त्या भाषेशी पहिला संबंध निव्वळ नादाचा होता.

दीक्षा घेतल्यावर सातव्या शतकातील एका स्तोत्रकार धर्मगुरूच्या नावावरून त्यांनी कोमितास हे नाव धारण केले. बाकूच्या तेलावर गबर झालेल्या मांताशेव नामक आर्मेनियन धनिकाने खर्च पत्करल्यामुळे 1896 ते 1899 ही वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये संगीतशास्त्राच्या अध्ययनात घालविली, आणि परत आल्यावर ते खेडोपाडी हिंडू लागले. टिपण्याकरिता त्यांच्याजवळ साधन होते ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपलच्या हांबार्त्सुम लिमोंजियान यांनी तयार केलेल्या सुटसुटीत स्वरलिपीचे. मध्ययुगीन हस्तलिखितांतून आढळणारी खाझ नावाची त्याहून जुनी चिन्हे होती, परंतु त्यांची किल्ली कालौघात हरवली होती, आणि ती शोधण्यात कोमितास यांनी आयुष्याची कित्येक वर्षे खर्ची घातली. आपले पंडित भातखंडे हे त्यांचे समकालीन. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण एक खानसाहेबांच्या मिनतवाऱ्या करीत चिजा लिहून घेत होता, तेव्हा दुसरा दाढीवाल्या साधूला पाहून लाजणाऱ्या खेडवळ पोरींची गाणी आडोशाला उभा राहून टिपीत होता. कोमितास यांनी जमविलेल्या गीतांची संख्या तीन हजारांवर जाते असे म्हणतात. त्यांपैकी सुमारे बाराशे आज उपलब्ध आहेत.

आर्मेनियन गाण्याची जी घडण त्यांच्या ध्यानी आली, ती आपल्या भाषेत अशी सांगता येईल. आपला पाया सप्तकाचा. खालचा गांधार शुद्ध असेल तर वरचाही शुद्धच. त्या लोकांचा पाया चार स्वरांचा, आणि एका चौकडीचा शेवटचा स्वर हाच पुढल्या चौकडीचा पहिला. सा रे ग म. मग त्या मध्यमालाच षड्ज मानून म प ध आणि कोमल निषाद. पुन्हा त्या कोमल निषादालाच षड्ज मानून त्यापुढे तार षड्ज, तार ऋषभ आणि कोमल गांधार. म्हणजे खालचा गांधार शुद्ध आणि वरचा कोमल! पेटीवर हे वाजवून पाहावे. पायऱ्या चढता चढता घरच बदलून गेल्यासारखे वाटते. अशा धुनीखाली जर्मन पद्धतीचे तीन-तीन स्वरांचे गोड गुच्छ घातले, तर ती धून तत्काळ परकी होते. बर्लिनमध्ये शिकून आलेल्या कोमितास यांचे शहाणपण असे, की त्यांनी शिकलेले बहुतेक सारे वापरले नाही. त्यांच्या पियानोच्या नृत्यरचना पाहाव्यात: तार, डफ, पावा अशा कोणत्या वाद्याचा भास व्हावयाचा ते त्यांनी नृत्यागणिक नोंदवून ठेवले आहे, आणि स्वरांची संख्या इतकी थोडी ठेवली आहे, की रोज तासभर सराव करणाऱ्या शाळकरी मुलालाही त्या बोटांनी वाजविता याव्यात. वाजविता येतात, उभ्या करता येत नाहीत. दोन स्वरांमधील मोकळी जागा सांभाळणे हे त्यांतले अवघड काम.

1906 साली पॅरिसमध्ये त्यांनी आर्मेनियन गीतांची जी मैफल केली तीमुळे द्यब्युसीसारख्या फ्रेंच रचनाकाराचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. घरी मात्र धर्ममार्तंडांची कुरबुर चालूच होती: देवळातील स्तोत्रे तिकीट लावून सभागृहात गाणे हा अधर्म होय, असा त्यांचा आक्षेप. 1910 साली कोमितास कॉन्स्टँटिनोपलला गेले आणि तेथे त्यांनी तीनशे गायकांचा वृंद उभा केला. 24 एप्रिल 1915 च्या रात्री तेथील आर्मेनियन लेखक, संपादक, वैद्य, वकील यांची जी धरपकड झाली, तीत कोमितासही होते. त्यांना चांकिरीकडे रवाना करण्यात आले. थोड्या दिवसांनी जे मोजके लोक परत सोडण्यात आले त्यांत त्यांचे नाव होते, परंतु परत आला तो मनुष्य निराळा होता. 1916 साली त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, 1919 साली पॅरिसला हलविण्यात आले, आणि 1935 साली त्याच शहरालगतच्या विल्जुईफ येथील मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले. रुग्णालयातील या वर्षांत त्यांनी एकही रचना केली नाही. पुढल्या वर्षी त्यांचा देह येरेवानला नेऊन पुरण्यात आला.

त्या संहाराची हकीकत सांगण्याचे हे स्थळ नव्हे. अलेक्सांद्रोपोलपुरते इतकेच, की रशियन छावणीच्या त्या रिकाम्या बराकींत अमेरिकन मदतसंस्थेने पोरक्या मुलांसाठी वसतिस्थाने काढली, आणि काही काळ तेथे वीस हजारांहून अधिक अनाथ मुले एकत्र राहत होती. अवघे शहरच्या शहर पोरक्यांचे. त्या मुलांना आईबापांच्या खेड्यातली गाणी आठवत असतील नसतील. वह्यांतून आणि वृंदगायनातून जी त्यांना शिकविली गेली, ती कोमितास यांनी लिहून ठेवलेली. येथून पुढे आर्मेनियन लोकगीत म्हणजे कागदावरचे लोकगीत. त्याचे पाठ शुद्ध राखणे, त्यात काडीचाही फरक न करणे, हे पुण्यकर्म होऊन बसले, आणि ते का झाले हे समजणे कठीण नाही. जळालेल्या घरातून एकच भांडे वाचले असेल, तर त्यात कोणी रोज स्वयंपाक करीत नाही.

आता जॅझ. सोव्हिएत आर्मेनियाचा सरकारी जॅझ वाद्यवृंद 1938 साली येरेवानमध्ये आर्तेमी आयवाझ्यान या चेलोवादकाने स्थापन केला. सरकारी जॅझ हा शब्दप्रयोग आपल्या कानांना ‘सरकारी लावणी’सारखा वाटतो खरा, पण त्या राज्यात वाद्यवृंद म्हटला की तो कोणत्या तरी दप्तराच्या अखत्यारीतच असावयाचा. स्टालिनच्या अखेरच्या वर्षांत सॅक्सोफोनकडे शत्रूचा हेर म्हणून पाहण्यात येऊ लागले; 1948 च्या पक्षठरावाने तर खाचातुरियान, शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह अशा दिग्गजांनाही खडसावले, तेथे बिचाऱ्या जॅझवाल्यांची काय कथा! तेव्हा नावे बदलण्यात आली. जॅझऐवजी एस्त्रादा, म्हणजे हलकेफुलके रंगमंचीय संगीत, असा निरुपद्रवी शब्द फलकावर चढला आणि आत तेच चालू राहिले. 1956 पासून कॉन्स्टन्टिन ओर्बेलियान हे पियानोवादक या वृंदाचे प्रमुख झाले, तो वृंद त्यांनी सुमारे तीन तपे चालविला, आणि 1975 साली तो अमेरिकेत, म्हणजे चोराच्याच आळंदीला, घेऊन गेले. या मंडळींनीही लोकधुना घेतल्या. परंतु त्यांचे घेणे बहुधा वरवरचे. चार-चार मात्रांच्या ठसठशीत ठेक्यावर एखादी डोंगराळ धून सजवून बसवावी, तिला पितळी वाद्यांचे झगमगीत वस्त्र नेसवावे, आणि टाळ्या घ्याव्यात. ऐकावयास मजा येते. नांगरगीताचा त्यात मागमूसही नसतो.

एक आडवळणाचा धागा येथे नोंदवून ठेवतो. अलेक्सांद्रोपोलनेच जगाला गुर्जिएफ हा गूढवादी गुरू दिला, ज्याने लहानपणी ऐकलेल्या धुनी आपल्या रशियन शिष्याकडून, हार्टमान याच्याकडून, पियानोसाठी लिहवून घेतल्या. त्या धुनी 1980 साली ध्वनिमुद्रित केल्या कोणी, तर कीथ जॅरेट या अमेरिकन जॅझ पियानोवादकाने. आणि त्याच जॅरेटची तरुणपणी व्यवस्था पाहत होते जॉर्ज अवाकियान, जे आर्मेनियन आईबापांच्या पोटी रशियात जन्मून अमेरिकेत वाढले आणि एलिंग्टन, आर्मस्ट्राँग, माइल्स डेव्हिस यांच्या थोर तबकड्यांचे निर्माते झाले. हे लोक असे जगभर पांगलेले आहेत. मुंबईच्या कोटातील मेडोज स्ट्रीटवर त्यांचे 1796 सालचे देऊळ आहे, त्यांच्या भाषेतील पहिले नियतकालिक 1794 साली मद्रासेत छापले गेले, आणि आपल्या गौहरजानबाईंच्या वडिलांचे रक्तही आर्मेनियनच. तेव्हा जॅझशी त्यांचे सोयरसूत काल-परवाचे समजू नये.

7 डिसेंबर 1988 रोजी सकाळी अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी उत्तर आर्मेनियात जो भूकंप झाला त्यात पंचवीस हजारांवर माणसे दगावली, पाच लाखांच्या आसपास बेघर झाली, आणि लेनिनाकानची सोव्हिएत पद्धतीची उंच घरे पत्त्यांसारखी बसली. तिग्रान हमस्यान तेव्हा दीड वर्षाचे होते. ते ज्या शहरात दहा वर्षांचे झाले त्या शहरात लोक ‘दोमिक’मध्ये राहत होते: मालगाडीच्या डब्यासारख्या लोखंडी पेट्या, तात्पुरत्या म्हणून आणलेल्या, आणि कित्येकांच्या बाबतीत पुढे पंचवीस-तीस वर्षे घर म्हणून राहिलेल्या. त्यातच सोव्हिएत संघ कोसळला, युद्ध झाले, सरहद्दी बंद झाल्या, आणि 1992 नंतरच्या हिवाळ्यांत दिवसाकाठी तास-दोन तासच वीज मिळे. पियानोला वीज लागत नाही.

वडील जवाहिऱ्याचा व्यवसाय करणारे, आणि त्यांच्या संग्रही लेड झेपेलिन, डीप पर्पल यांच्या तबकड्या. काकांचा ओढा जॅझकडे. मुलगा तिसऱ्या वर्षी पियानोशी खेळू लागला. दहाव्या वर्षी कुटुंब येरेवानला आले आणि तेथे वाहाग्न हायरापेत्यान या उत्तम वादकाकडून त्याला बीबॉप या जॅझशैलीची तालीम मिळाली. 2003 साली माँत्र येथील पियानो स्पर्धेत तो पहिला आला, सोळाव्या वर्षी लॉस एंजलिसला गेला, आणि 2006 साली, एकोणिसाव्या वर्षी, थेलोनियस मंक यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली. अशी यशे अनेकांना मिळतात. त्यांचा तपशील येथेच सोडून देतो.

विचार करण्याजोगे आहे ते त्यांचे 2011 सालचे ‘अ फेबल’ हे एकल पियानोचे संकलन, आणि त्यातही ‘काकाविक’, म्हणजे चकोराच्या जातीच्या एका पाखराचे गाणे. शब्द कवी तुमान्यान यांचे, चाल कोमितास यांची. पोरासोरांच्या तोंडी इतके रुळलेले, की ते लोकगीतच होय असे पुष्कळांना वाटते. हमस्यान ते वाजवितात तेव्हा आरंभी चाल जवळजवळ कोमितास यांच्याच काटकसरीने येते; मग डावा हात एका लहानशा आवर्तनाला धरून बसतो, दुदुकच्या ‘दाम’सारखा, परंतु स्थिर न राहता ठेक्याने; आणि उजवा हात धुनीच्या शेपटाचा एक तुकडा उचलून त्यालाच फिरवू लागतो, त्याची मात्रा एकाने कमी करतो, दोनाने वाढवितो, म्हणून पाहतो, टाकतो, पुन्हा उचलतो. आपल्याकडील मुखड्याची बढत ज्याने ऐकली आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मी प्रथम ऐकले तेव्हा मला पियानो आठवला नाही. जुवावर बसलेले पोर आणि त्याने दिलेली साद आठवली.

माझे म्हणणे ते हेच. जॅझमध्ये लिहिलेली चाल हे केवळ निमित्त असते. ती एकदा सांगून झाली, की वादकाने त्या घडीला जे सुचेल ते बोलावे, आणि उद्या दुसरे बोलावे, असा त्या कलेचा रिवाजच आहे. कागदावर उतरताना होरोवेलने जे गमावले, ते नेमके हेच होते. शंभर वर्षे त्या गाण्याला संस्थांनी, वृंदांनी, पाठ्यपुस्तकांनी श्रद्धेने जपले. त्यास पुन्हा बदलण्याची मुभा मिळाली ती न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांनी घडविलेल्या एका परक्या रिवाजामुळे. ठेक्याचीही कथा तशीच. आर्मेनियन नाचांत सहा, नऊ, दहा अशा मात्रांचे घाट आहेत. दहा मात्रांचा एक घाट तीन-दोन-दोन-तीन असा चालतो, आपल्या झपतालाचाच जणू चुलतभाऊ. ओर्बेलियान यांच्या पिढीने या घाटांना चौकोनी पेटीत बसविले. हमस्यान यांनी पेटीच मोडली, आणि त्याकरिता त्यांनी हेवी मेटलच्या विषम, आदळणाऱ्या ठेक्यांचीही मदत घेतली. ‘मॉकरूट’सारख्या त्यांच्या संकलनांत हा गणिती आवेश कधीकधी इतका चढतो, की धून बिचारी जत्रेत हरवलेल्या मुलासारखी कोठे तरी रडत असते. माझ्या कानांचा हा दोष असेलही. परंतु त्यांनी हात आवरलेला असतो तेथेच ते मला अधिक मोठे वाटतात.

तसा हात त्यांनी 2015 साली आवरला. संहारास शंभर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी येरेवान येथील सरकारी वृंदगायकांना बरोबर घेऊन त्यांनी ‘लुइस इ लुसो’ हा उपक्रम केला: पाचव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतची आर्मेनियन स्तोत्रे, मानवी कंठ आणि एक पियानो. आर्मेनियन देवळात पियानोला स्थान नाही. शंभर वर्षांपूर्वी कोमितास यांनी देवळातील स्तोत्र सभागृहात नेले म्हणून जे वादळ उठले, त्याच्या नेमके उलट, सभागृहातील हे वाद्य येथे दगडी मठांच्या उंबरठ्यांवरून आत ढकलण्यात आले, आणि शंभर देवळांत हे गायन व्हावे असा संकल्प सोडण्यात आला. त्या मुद्रणात पियानो पुष्कळ वेळ गप्प असतो. गायकांचे स्वर लिहिलेले आहेत, त्यांत बदल नाही. पियानोचे स्वर लिहिलेले नाहीत. घुमटात गायकांचा शेवटचा स्वर विरत असता, त्याची आस अजून हवेत असता, हमस्यान एक खालचा स्वर दाबतात, त्याच्या वर चौथा स्वर ठेवतात, कोमितास ठेवीत तसाच उघडा, आणि थांबतात. पुढे ते काय वाजविणार हे गायकांना ठाऊक नसते. पुढल्या देवळात दगड वेगळा, घुमटाची उंची वेगळी, आणि वाजविलेलेही वेगळे.

पुढे ते पुन्हा आर्मेनियात राहावयास गेले. 2018 साली काढलेल्या एका छोट्या संकलनाला त्यांनी ‘फॉर ग्युम्री’ असे नाव दिले आहे. त्या गावात भूकंपात भेगाळलेल्या काळ्या दगडाच्या जुन्या इमारती पुष्कळशा उभ्याच राहिल्या आणि नव्या पडल्या. निकोघायोस तिग्रानियान ज्या रस्त्यांवरून काठीने चाचपडत सजंदारांच्या मागे जात असतील, ते रस्ते अजून तेथे आहेत.